दोन प्रश्न आणि एक युद्ध



गेल्या महिन्यात एक शिक्षक रजेवर होते, म्हणून त्यांचा नववीचा ऑफ तास आमच्याकडे आला. मुले म्हणाली, ‘सर, आज पुस्तक नको, गोष्ट सांगा.’ आम्ही अमेरिकेतल्या यादवी युद्धाची गोष्ट काढली. एकाच देशाची माणसे चार वर्षे एकमेकांशी लढली आणि त्या भांडणाच्या मुळाशी गुलामगिरी होती, एवढे ऐकताच वर्ग शांत झाला. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, त्या गुलामांत आपले लोक होते का? म्हणजे मुसलमान?’

आम्ही छाती फुगवून म्हणालो, ‘होते तर! नमाज पढणारे, कुरआन पाठ असलेले.’

मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, ‘आणि विकणाऱ्यांत?’

घंटा झाली. खरे सांगायचे तर घंटेने आम्हाला वाचवले. ‘उद्या बोलू’ म्हणून आम्ही खडू-डस्टर उचलले आणि स्टाफरूम गाठली. ‘उद्या’ व्हायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्ही जे वाचले आणि नंतर वर्गात सांगितले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, दुसऱ्याचे नव्हते. पण दोन्ही उत्तरांकडे जाणारी वाट त्या युद्धातूनच जाते, तेव्हा आधी युद्ध.

१८६० साली अमेरिकेची लोकसंख्या तीन कोटींच्या थोडी वर होती. त्यांपैकी सुमारे ३९ लाख माणसे गुलाम होती. दक्षिणेकडच्या राज्यांत मैलोगणती कापसाचे मळे होते आणि तो कापूस गुलामांच्या हातांनी वेचला जाई. गुलामांच्या मुलांनाही आईबरोबर विकता येई, किंवा आईपासून तोडून विकता येई. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. एवढ्यानेच दक्षिणेचे माथे फिरले. डिसेंबरमध्ये दक्षिण कॅरोलिना राज्य फुटून निघाले आणि पाठोपाठ इतर राज्ये निघाली. शेवटी अकरा राज्यांनी आपला वेगळा संघ मांडला. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट समटर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या आणि युद्ध पेटले.

दोन्हीकडच्या पोरांना वाटले होते, दोन-तीन महिन्यांत आटोपेल. ते चार वर्षे चालले. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटम येथे एका दिवसात मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून सुमारे २३,००० माणसे गेली. पुढच्या जुलैत गेटिसबर्गला तीन दिवसांत हा आकडा पन्नास हजारांच्या आसपास पोहोचला. जुन्या गणतीप्रमाणे या युद्धात एकूण ६,२०,००० सैनिक मेले. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा आणखी वर नेला आहे. मुलांना आम्ही विचारले, ‘यातले बहुतेक कशाने मेले असतील?’ सगळे ओरडले, ‘गोळीने!’ तसे नाही. गोळीने मेले त्यांच्या जवळजवळ दुप्पट माणसे जुलाब, हगवण, विषमज्वर, गोवर अशा आजारांनी मेली. छावणीत पाण्याची जागा आणि शौचाची जागा जवळजवळ असे. जंतू म्हणजे काय हे डॉक्टरांनाही नीट कळलेले नव्हते. एकाच अवजाराने एकामागून एक हातपाय कापले जात आणि ते अवजार फार तर साध्या पाण्यातून काढले जाई.

शिपायाचे खाणे म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, कॉफी आणि पीठ-पाण्याचे दगडासारखे चौकोनी बिस्किट. त्यात अळ्या असत. पोरे ते गरम कॉफीत बुडवत, अळ्या वर तरंगल्या की चमच्याने काढून टाकत आणि मऊ झालेले बिस्किट खात. आमच्या वर्गातल्या डबा परत नेणाऱ्या दोघा-तिघांनी हे ऐकून एकमेकांकडे पाहिले.

घरी राहिलेल्यांचे हाल वेगळे. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडवली. मीठ, औषधे, कापड यांची टंचाई झाली, कागदी नोटांची किंमत पडली. २ एप्रिल १८६३ रोजी दक्षिणेची राजधानी रिचमंड येथे बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या आणि त्यांनी दुकाने फोडली. त्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी खिशातले पैसे गर्दीपुढे टाकले आणि पांगला नाहीत तर गोळ्या घालू, असे बजावले.

मिसिसिपी नदीवरचे विक्सबर्ग शहर त्याच वर्षी ४७ दिवस वेढ्यात होते. नदीतल्या नावांतून आणि जमिनीवरून रात्रंदिवस तोफगोळे पडत. लोकांनी टेकड्यांच्या पिवळ्या मातीत गुहा खणल्या आणि बायकामुले त्यांत राहू लागली. काहींनी आत गालिचे आणि खाटासुद्धा नेल्या. गुहा खणायचे काम पुष्कळदा गुलामांकडूनच करून घेतले गेले. पीठ संपले तेव्हा वाटाण्याच्या पिठाची भाकरी झाली, मांस संपले तेव्हा खेचरे कापली गेली. गावातले वर्तमानपत्र कागद संपल्यामुळे भिंतीला चिकटवायच्या नक्षीच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर छापले जाऊ लागले. ४ जुलै १८६३ रोजी शहर शरण आले.

हे सारे सोसणाऱ्या गोऱ्या कुटुंबांचे दुःख खोटे नव्हते. पण त्याच घरांच्या मागच्या झोपड्यांत जी माणसे राहत, त्यांच्यासाठी तोफेचा हाच आवाज वेगळी खबर घेऊन येत होता. आता त्यांच्याकडे वळू.

दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया या राज्यांच्या किनाऱ्याला लागून बेटांची रांग आहे. तिथे भात आणि कापूस पिके. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. मळ्यांचे मालक जेवणाची ताटे टाकून पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. ते अजून कायद्याने स्वतंत्र नव्हते, पण हाकणारा मालकही उरला नव्हता. या बेटांवर पहिली गोष्ट काय मागितली गेली असेल? जमीन मागितली, मजुरी मागितली, आणि शाळा मागितली.

याचे कारण समजून घ्यायला हवे. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. सूझी नावाची एक मुलगी १८४८ साली जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मली. सव्हाना शहरात तिची आजी राहत असे. आजीने तिला आणि तिच्या भावाला एका स्वतंत्र काळ्या विधवेकडे चोरून शिकायला पाठवले. पोलिसांना किंवा गोऱ्या माणसांना दिसू नये म्हणून मुले पुस्तके कागदात गुंडाळून नेत. फाटकातून एकेक करून आत जायचे, एकेक करून बाहेर पडायचे. शेजाऱ्यांना वाटे, मुले काही काम शिकायला जातात.

एप्रिल १८६२ मध्ये सव्हानाजवळचा किल्ला उत्तरेच्या ताब्यात गेला, तेव्हा सूझी काकांच्या कुटुंबाबरोबर उत्तरेच्या जहाजांकडे निघून गेली. मुलीला लिहिता-वाचता येते, हे पाहून अधिकाऱ्यांना नवल वाटले. त्यांनी सेंट सायमन्स बेटावर तिला शाळा काढून दिली. दिवसा चाळीसेक मुले येत, रात्री मोठी माणसे. बाई तेरा वर्षांच्या! पुढे काळ्या शिपायांची पलटण उभी राहिली, तेव्हा सूझी तिच्याबरोबर राहिली. ती कपडे धुई, जखमींची सेवा करी, बंदुका साफ करी आणि फुरसत मिळाली की शिपायांना अक्षरे शिकवी. चार वर्षांहून अधिक काळ तिने हे केले आणि त्याबद्दल तिला एक पैसाही पगार मिळाला नाही. सूझी किंग टेलर या नावाने तिने १९०२ साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, म्हणून आज हे आपल्याला कळते.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. याच बेटांवरच्या छावणीत तो मोठ्याने वाचला गेला, तेव्हा सूझी तिथे होती. जाहीरनामा अपुरा होता. बंड केलेल्या राज्यांपुरताच तो लागू होता आणि उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या राज्यांतले गुलाम गुलामच राहिले. पण त्याने काळ्या माणसांसाठी सैन्याचे दार उघडले. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० काळे शिपाई लष्करात आणि आणखी १९,००० आरमारात भरती झाले.

त्यांचे कसे स्वागत झाले, तेही ऐका. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्या शिपायाला १०, आणि त्यातले ३ कपड्यांचे म्हणून कापलेले. हातात सात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा पगार घ्यायला नकार दिला. त्यांच्या राज्याने वरचा फरक भरून देऊ केला, तोही त्यांनी घेतला नाही. शिपाई म्हणून घेतले आहे तर शिपायाचा पगार द्या, हे त्यांचे म्हणणे. दीडेक वर्ष ही माणसे बिनपगारी लढली. घरी बायकामुले उपाशी असल्याची पत्रे येत आणि हे लढत. १८ जुलै १८६३ रोजी चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅगनरवर याच पलटणीने हल्ला चढवला. सुमारे सहाशे शिपाई गेले, त्यांतले जवळजवळ निम्मे मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. झेंडा धरणारा पडला तेव्हा विल्यम कार्नी या जन्माने गुलाम असलेल्या सार्जंटने तो उचलला आणि अंगावर जखमा झेलत परत आणला. त्याचे पदक त्याला १९०० साली मिळाले, ३७ वर्षांनी. दुसऱ्या एका काळ्या पलटणीतल्या विल्यम वॉकर या सार्जंटने पूर्ण पगाराशिवाय लढणार नाही म्हणून साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा १८६४ साली त्याला बंडखोर ठरवून आपल्याच सैन्याने गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जूनमध्ये संसदेने समान पगार मंजूर केला.

आता पहिला प्रश्न. या गुलामांत आपले लोक होते का?

होते. सेनेगलच्या फूता तोरो भागात जन्मलेले उमर इब्न सईद हे शिकलेसवरलेले आलिम होते. १८०७ साली त्यांना जहाजात घालून चार्ल्सटनला आणून विकले. क्रूर मालकापासून ते पळाले, पकडले गेले, आणि फेएटव्हिलच्या तुरुंगात त्यांनी कोळशाने भिंतींवर अरबी लिहिले. गुलामाला अक्षरे येतात, हे पाहायला गाव लोटले. नंतर दुसऱ्या एका घराने त्यांना विकत घेतले. १८३१ साली त्यांनी अरबीत आपली जीवनकथा लिहिली आणि तिच्या सुरुवातीला सूरह अल्-मुल्क घातली. सारी सत्ता, सारी मालकी अल्लाहची, हे त्या सूरहचे पहिलेच सांगणे. दुसऱ्याच्या मालकीच्या माणसाने हीच सूरह का निवडली असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. ते ख्रिस्ती झाले, असे त्यांच्या भोवतालच्या गोऱ्यांनी सांगितले. त्यांच्या मनात काय होते, ते अल्लाहच जाणे. १८६४ साली, युद्ध ऐन भरात असताना, नव्वदी ओलांडलेले उमर वारले. स्वातंत्र्य एका वर्षावर आले होते.

जॉर्जियाच्या सापेलो बेटावर बिलाली मुहम्मद नावाचे एक गुलाम होते, त्यांच्या हातचे अरबी हस्तलिखित आजही जपून ठेवलेले आहे. त्यांच्या वंशातल्या एका वृद्धेने १९३० च्या दशकात सांगितले की, आजी वर्षातून एकदा तांदळाच्या गोड वड्या करून मुलांना वाटत असे आणि त्यांना ‘सराका’ म्हणत असे. शब्द ओळखलात ना? आपला सदका! धर्म विसरला, भाषा गेली, पण आजीच्या हातातून एक शब्द उरला.

वर्गात हे सांगताना मुलांचे चेहरे फुलले. मग आम्ही मागच्या बाकाकडे पाहिले आणि म्हणालो, ‘आता तुझा प्रश्न.’

मॅसॅच्युसेट्सच्या ५५व्या पलटणीत निकोलस सईद नावाचा एक सार्जंट होता. मूळ नाव मुहम्मद अली बिन सईद. आफ्रिकेतल्या बोर्नू राज्यातल्या मुसलमान घराण्यातला हा मुलगा. त्याला लहानपणी पळवले, ते गोऱ्यांनी नव्हे. वाळवंटातल्या टोळीने पळवले, सहारा ओलांडून त्रिपोलीच्या बाजूला विकले, तिथून तो इस्तंबूलला गेला. पळवणारे, विकणारे, विकत घेणारे, सगळे कलमा पढणारे होते. पुढे तो एका रशियन सरदाराकडे गेला, तिथे त्याला ख्रिस्ती करून निकोलस हे नाव दिले. साऱ्या युरोपात फिरून तो अमेरिकेत पोहोचला, डेट्रॉइटमध्ये शिक्षक झाला आणि १८६३ साली दुसऱ्यांची गुलामी मोडण्यासाठी बंदूक घेऊन उभा राहिला. युद्धानंतर तो दक्षिणेत मुक्त झालेल्यांच्या शाळांत शिकवीत राहिला.

‘म्हणजे होते,’ ती मुलगी म्हणाली.

‘होते, बेटा.’

आम्ही मुलांना आठवण करून दिली, की आपल्या पुस्तकातला मलिक अंबरही इथिओपियातून गुलाम म्हणूनच विकत-विकत दख्खनमध्ये आला. विकणारे कोण होते, हे आपण कधी विचारत नाही. हजरत बिलाल (र.) यांना सोडवण्यासाठी हजरत अबू बक्र (र.) यांनी आपला पैसा दिला, गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्य ठरले, कितीतरी चुकांचे प्रायश्चित्त म्हणून गुलाम सोडायला सांगितले गेले. दार असे सताड उघडे असताना आपल्यातल्या कित्येकांनी पुढची हजार-बाराशे वर्षे त्या दाराकडे पाठ करून व्यापार केला. शिकवण आपली म्हणायची आणि पाप दुसऱ्याच्या नावावर टाकायचे, हा हिशेब अल्लाहच्या दरबारात चालणार नाही.

पण तेवढ्यावर थांबलो असतो, तर तेही अर्धेच झाले असते. ट्यूनिसचे अहमद बे यांनी १८४६ साली, म्हणजे अमेरिकेच्या १९ वर्षे आधी, आपल्या राज्यात गुलामगिरी बंद केली. मालकांना गुलामांचे हक्क पाळता येत नाहीत, ही वस्तुस्थिती त्यांनी उलमांपुढे ठेवली. अमेरिकेत युद्ध चालू असताना तिथल्या वकिलाने ट्यूनिसला विचारले, की तुम्ही हे कसे केलेत आणि परिणाम काय झाला? १८६४ साली ट्यूनिसचे जनरल हुसैन यांनी पत्राने सविस्तर उत्तर दिले आणि अमेरिकेनेही आपले गुलाम सोडावेत, अशी कळकळीने विनंती केली. म्हणजे व्यापार करणारेही आपले आणि तो बंद करणारेही आपले. कुणाच्या रांगेत उभे राहायचे, ते मात्र प्रत्येकाला स्वतः ठरवावे लागते.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. सहाव्या दिवशी लिंकन गोळीच्या जखमेने वारले. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या गुलामांना आपण मुक्त आहोत हे १९ जूनला कळले, जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी. ६ डिसेंबर १८६५ रोजी घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने सगळ्या देशात गुलामगिरी संपली.

त्या युद्धाची झळ आपल्या मातीलाही लागली होती. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यामुळे विलायतेतल्या गिरण्यांनी इकडच्या कापसाकडे धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि कंपन्या निघाल्या, आणि १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळून कित्येक घरे बुडाली. पण त्याच युद्धातून एका माणसाने दुसरे काही घेतले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. कापसाचा भाव सर्वांना दिसला होता. कापूस वेचणारा माणूस जोतीरावांना दिसला.

तास संपत आला तेव्हा आम्ही मुलांना गृहपाठ दिला. तारखा पाठ करायला सांगितल्या नाहीत. आपल्या घरी, गल्लीत, दुकानात जो माणूस राबतो, त्याचे पूर्ण नाव विचारून या, त्याला पगार किती मिळतो आणि वेळेवर मिळतो का, एवढेच विचारून या, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी बरीच मुले गप्प होती. आठ वर्षांपासून घरी भांडी घासायला येणाऱ्या खालांचे नाव माहीत नव्हते, असे दोघांनी कबूल केले. मागच्या बाकावरच्या मुलीने वहीत एकच ओळ लिहून आणली होती. तिच्या अब्बांच्या कारखान्यात झारखंडहून आलेला, तिच्याच वयाचा एक मुलगा राबतो, त्याला दोन महिन्यांचा पगार मिळालेला नाही, आणि अब्बांना हे विचारल्यावर ते रात्री जेवले नाहीत.

आम्ही ती ओळ वर्गात वाचून दाखवली नाही. वही तिच्या हातात परत दिली. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकायच्या आत द्यावी, ही प्रिय नबी (स.) यांची शिकवण आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. पुढच्या सोमवारी ती मुलगी सांगत आली, ‘सर, अब्बांनी पगार दिला. आणि म्हणाले, त्याला गावी पाठवतो, शाळेत.’

पाठवतात की नाही, ते आम्ही विचारत राहू. वाचकहो, हा गृहपाठ या महिन्यात आपणही करून पाहा. खुदा हाफिज.